रविवारच्या घंटा आणि सोळा ठिपके

माझी सगळी नोकरी दुसऱ्यांनी बाजूला काढून ठेवलेलं शोधून काढण्यात गेली. चोरी म्हणा हवं तर, पण पगारी आणि पेन्शनसकट.

जमिनीखालून गावोगाव काचेची तार गेलेली असते, तिला फायबर म्हणतात. तिच्या दोन्ही टोकांना एकेक यंत्र असतं, एक प्रकाशातून बोलतं आणि दुसरं ऐकतं. काही वर्षं गेली की लोकांना त्याच तारेतून आणखी डेटा हवा होतो, आणि त्यावरचा सरळ उपाय म्हणजे नवी यंत्रं घेणं. ती विकणारा विभाग आमच्या कंपनीत वरच्या मजल्यावर होता. ते गिऱ्हाइकांना घेऊन चांगल्या ठिकाणी जेवायला जायचे. खालच्या मजल्यावर आम्ही, आणि आमच्याकडे यायची ती नवी यंत्रं न परवडणारी मंडळी. ‘आहे त्यातच भागव’ हे मी लहानपणी सांगलीत मराठीतून ऐकलं आणि पुढे नोकरीभर जर्मनमधून.

“दिवसभर त्या कॉम्प्युटरवर ठिपके बघत बसतेस. ठिपक्यांचा पगार देतात होय तुला?” सासूबाईंनी एकदा विचारलं होतं. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे जर्मनीत उंटरश्लाइसहाइमला राहायला आल्या होत्या.

“अहो आई, अगदी तेच,” मी म्हटलं आणि त्यांना कागदावर काढून दाखवलं. प्रकाशाचा एकेक ठोका यंत्राला एकेका ठिपक्यासारखा दिसतो. अंगणात चारच ठिपके काढले तर ते लांब लांब पडतात. वाऱ्याने रांगोळी जरा फिसकटली तरी कुठला ठिपका कुठला ते ओळखू येतं. ठोका कुठल्या ठिपक्यावर पडला, तोच निरोप; तेवढ्याच अंगणात सोळा ठिपके काढले तर एका ठोक्यात चौपट नाही, पण दुप्पट निरोप जातो. पण ते इतके जवळजवळ येतात, की जरा फिसकटलं की शेजारच्यात मिसळले. यंत्र तेच, तार तीच, फक्त ठिपके वाढवायचे, आणि ते खुर्चीत बसून सॉफ्टवेअरमधून करता येतं.

“मग आधीपासूनच सोळा का नाही काढत?” सासूबाई म्हणाल्या.

कारण प्रत्येकजण राखीव ठेवतो. यंत्र बनवणारा थोडं ठेवतो, मार्ग आखणारा त्यावर थोडं, तार पुरणारा आणखी थोडं, आणि लाइन चालवणारा स्वतःला झोप लागावी म्हणून वर चिमूटभर. त्यात हे जर्मन लोक, लख्ख ऊन पडलेलं असताना छत्री घेऊन निघणारे. सगळ्यांचं मिळून अर्धंअधिक अंगण मोकळंच राहतं. कुठे किती मोकळं आहे ते मोजायचं आणि गिऱ्हाइकाला तिथे ठिपके काढायला लावायचं, हे माझं काम. ‘तुमची लाइन उत्तम चालली आहे, आता आपण ती थोडी कमी सुरक्षित करू’ हे वाक्य एखाद्या जर्मन माणसाला हसतमुखाने सांगून बघा, म्हणजे मी कशाचा पगार घेत होते ते कळेल.

त्यातला एक रविवार मला अजून स्वस्थ बसू देत नाही.

एका जिल्ह्याच्या गावी छोटं हॉस्पिटल होतं. गावाचं नाव सांगत नाही. तिथे पक्षाघाताच्या रुग्णांसाठी वेगळा विभाग होता, पण मेंदूचे तज्ज्ञ डॉक्टर मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात बसत. रुग्ण आला की त्याचा स्कॅन तारेतून शहरात जायचा आणि तज्ज्ञ तिथून कॅमेऱ्यातून रुग्णाला तपासायचे. मेंदूत गुठळी असेल तर ती विरघळवणारं औषध ताबडतोब द्यावं लागतं. रक्तस्राव असेल तर तेच औषध जीव घेऊ शकतं. दोन्हींतलं काय आहे ते तज्ज्ञ सांगणार, म्हणजे सगळं त्या तारेवर.

आणि तार भरली होती. जिल्ह्याच्या शाळा, कचेऱ्या, घरं, सगळं त्याच लाइनवर आलं होतं. व्हिडिओ अडखळायचा, स्कॅन रेंगाळायचे. जिल्ह्याच्या कारभाऱ्यांनी नव्या यंत्रांना नकार दिला आणि वर बजावलं, की लाइन सुधारत नसेल तर विभाग बंद करा आणि रुग्ण थेट शहरात पाठवा. शहर पन्नास किलोमीटरवर.

विभागप्रमुख फ्राऊ डॉक्टर हेलविग (फ्राऊ म्हणजे बाई) स्वतः आमच्या ऑफिसात आल्या. उंच, काटकुळ्या, साठीला टेकलेल्या. कोट न काढताच खुर्चीवर बसल्या. माझं ठिपक्यांचं व्याख्यान त्यांनी निम्म्यात थांबवलं.

“फ्राऊ सबनीस, हे मला कळत नाही आणि कळायची गरजही नाही. मला एवढंच कळतं की पन्नास किलोमीटर जाईपर्यंत माणसाचं बोलणं जातं. ते परत येत नाही. जमेल का?”

“मोजून सांगते,” मी म्हटलं. आमच्या धंद्यात ह्यापेक्षा जास्त कुणी बोलू नये.

मोजायला माझ्याबरोबर ऋतुजा होती. मूळची नाशिकची, गार्चिंगच्या विद्यापीठात ह्याच विषयात पीएचडी करून आमच्याकडे आलेली. हुशार, आणि आपण हुशार आहोत हे तिला माहीत असलेली. त्याच तारेत एक मार्ग, म्हणजे प्रकाशाचा एक वेगळा रंग, रिकामा होता. त्यावर आम्ही सोमवारी सोळा ठिपके चढवले आणि आठवडाभर पाहत राहिलो. आकडे देखणे आले. शुक्रवारी दुपारी इथल्या रीतीप्रमाणे फायरआबेंड, म्हणजे काम गुंडाळून सगळे घरी. चाचणीही गुंडाळली. शनिवार-रविवारी मोजायचं कुणाच्या मनातही आलं नाही. ह्या देशात रविवारी भिंतीला खिळा ठोकला तरी शेजारी येऊन दार वाजवतात. त्या दिवशी काय होणार आहे वेगळं?

आणि म्हणूनच खरा बदल करायला आम्ही रविवार निवडला. शाळा बंद, कचेऱ्या बंद, हॉस्पिटलातही वर्दळ कमी. रात्री हॉस्पिटलच्या सगळ्या नोंदींच्या प्रती तारेवरून जात, म्हणून रात्र नको होती. बदल चालू असेल तेवढ्या वेळात पक्षाघाताचा रुग्ण असेल तर सरळ शहरात न्या, असं अँब्युलन्सवाल्यांना सांगून ठेवलं होतं. दुसरी एक बारीक लाइन होती, पण तिच्यावरून फोन चालत, चित्रं नाहीत.

त्या रविवारी ऑफिसात मी आणि ऋतुजा दोघीच होतो. आमचा तंत्रज्ञ हेर ब्रांडल (हेर म्हणजे इथले श्रीयुत) मार्गावरच्या एका खेड्यात, चर्चच्या बुरुजाखालच्या खोलीत होता. दोन बाजूंच्या तारा तिथे जोडलेल्या होत्या. खोली कोरडी, कुलूपबंद आणि भाडं नाममात्र, म्हणून लाइनवाल्यांनी ती कधीकाळी घेतलेली. ब्रांडल म्हणजे अस्सल बव्हेरियन. मोजकं बोलायचं आणि खिशात कायम काहीतरी खायला.

चर्चमधली सकाळची प्रार्थना संपल्यावर आम्ही बदल केला. दोन्ही टोकांची यंत्रं नव्याने सुरू व्हायला काही मिनिटं जातात. तेवढा वेळ पडदा काळा असतो आणि आपण काहीच करू शकत नाही. मग ठिपके उमटले. सोळाच्या सोळा, सुबक. ऋतुजाने टाळी दिली. फोनवर ब्रांडल पाव खात असल्याचा आवाज आला.

थोड्या वेळाने लाइन पडली.

काही सेकंदांत आपोआप परत आली. परत पडली, परत आली. मग एकदम स्वच्छ, जणू काही झालंच नव्हतं. आम्ही दोघी पडद्याकडे बघत राहिलो. दोष सतत असता तर बरं, शोधता येतो. असा येऊन जाणारा दोष मला घाबरवतो.

“ताई, सरासरी बघा, परफेक्ट आहे,” ऋतुजा म्हणाली. “एखादा ग्लिच असेल.”

“दोन होते.”

“हो, पण सेल्फ-रिकव्हर झाली ना! आता अर्धा दिवस मॉनिटर करू या.”

तेवढ्यात दुसरा फोन वाजला. फ्राऊ डॉक्टर हेलविग. त्यांचा आवाज शांत होता, आणि डॉक्टरांचा आवाज असा शांत झाला की समजावं.

“माझ्याकडे रुग्ण आहे. बायकोने स्वतःच्या गाडीतून आणला. उजवी बाजू लुळी, बोलता येत नाही. सुरू होऊन बराच वेळ झालाय, शहरापर्यंत तो वेळेत पोहोचणार नाही. स्कॅन चालू आहे. मला लाइन हवी. आहे का?”

मी म्हटलं, “एक मिनिट.” फोन बाजूला धरला.

आता काय करायचं? जुन्या चार ठिपक्यांवर परत जायचं, तर दोन्ही यंत्रं पुन्हा बंद करून सुरू करायची. म्हणजे काही मिनिटं लाइन नक्की नाही, आणि कधी कधी ती पहिल्या खेपेला उठतही नाही. नव्यावरच राहायचं, तर लाइन आत्ता आहे, पण ती का पडली हे आम्हाला माहीत नाही, म्हणजे पुन्हा कधी पडेल तेही माहीत नाही. तज्ज्ञ तिकडे औषधाचा निर्णय घेत असताना पडली तर?

“परत जाऊ या,” मी म्हटलं. माझा स्वभावच तो.

“ताई, नको ना! आल्झो, म्हणजे असं बघा, विचार करा. आत्ता लाइन आहे, ही एकच गोष्ट शुअर आहे. रोलबॅक केलं तर तीही हातातून जाईल.”

“आणि पुन्हा पडली तर?”

“तर ती सेकंदांत येते. रोलबॅकला मिनिटं लागतात. तुम्ही घाबरलाय म्हणून चार ठिपके मागताय.”

मला तिचा संताप आला. ती बरोबर बोलत होती म्हणून जास्तच आला. मी फोन उचलला आणि म्हटलं, “लाइन आहे. सुरू करा. मधे तुटली तर ताबडतोब परत जोडा.” आणि फोन चालू ठेवायला सांगितलं.

तिकडचं सगळं ऐकू येत होतं. चाकांच्या गाडीचा आवाज, एका बाईचं रडणं. मग पडद्यातून शहरातल्या तज्ज्ञाचा आवाज, “मी तुम्हाला बघतोय. दोन्ही हात वर उचलून दाखवा.” मी माझ्या ठिपक्यांवरून नजर हलवत नव्हते. दुसऱ्या फोनवर ब्रांडलला म्हटलं, “जोड पुन्हा एकदा बघा, हात न लावता.”

“काय?” ब्रांडल म्हणाला.

“जोड बघा, जोड!”

“काय? ऐकू येत नाही!”

आणि ठिपके फुटले. सोळाच्या जागी पांढरा धुरळा. तिकडे तज्ज्ञाचा आवाज शब्दाच्या मधेच तुटला. फ्राऊ डॉक्टर फक्त माझं नाव घेऊन थांबल्या.

“हेर ब्रांडल, तुम्हाला ऐकू का येत नाही?” मी ओरडले.

“घंटा!” तो ओरडला. “सगळ्या वाजतायत! मघाशीही वाजत होत्या! आज बाप्तिस्मा आहे!”

मी आणि ऋतुजाने एकमेकींकडे पाहिलं. आठवड्याच्या इतर दिवशी तिथे दुपारी एक छोटी घंटा वाजते. सगळ्या घंटा एकदम वाजतात त्या रविवारी, नाहीतर सणाला, बाप्तिस्म्याला, माणूस गेल्यावर. जर्मनीत जो दिवस सगळ्यात शांत म्हणून आम्ही निवडला, त्या एकाच दिवशी तो बुरुज थरथरत होता. आणि आम्ही मोजलं होतं सोमवार ते शुक्रवार.

“वेटोळं कुठे आहे?” ऋतुजाने माझ्या हातातून फोन जवळजवळ ओढलाच. जोडाजवळ तारेची काही मीटर जास्तीची लांबी गुंडाळून ठेवतात, पुढे दुरुस्तीला उपयोगी पडावी म्हणून. तेही राखीवच. “वेटोळं! ते वेटोळं कुठे लावलंय?”

“भिंतीवर! लोखंडी आकड्यावर!”

भिंत म्हणजे बुरुजाची भिंत. तार हलली की आतल्या प्रकाशाचा पीळ बदलतो. सावकाश बदलला तर यंत्र त्याच्या मागोमाग जातं. पण फार जलद थरथरलं तर ते मागे पडतं. चार ठिपक्यांत हे इतकी वर्षं रविवारच्या रविवार खपून गेलं होतं, कुणाला पत्ताही लागला नव्हता. कुणाची तरी चिमूटभर भीती तिथे रुग्णांच्या कामी येत होती आणि ती नेमकी आम्ही काढून घेतली होती.

“घंटा थांबवा,” मी ब्रांडलला म्हटलं.

तो धावला. दार, पावलं, मग मेसनरचा, म्हणजे चर्चची व्यवस्था बघणाऱ्या म्हाताऱ्याचा आवाज. “बाप्तिस्म्याच्या घंटा मधेच थांबवत नाहीत, हेर ब्रांडल. माझ्या उभ्या आयुष्यात थांबवल्या नाहीत.”

“हॉस्पिटलात माणूस आहे. पक्षाघात. ह्या तारेवर आहे तो.”

मेसनरने पुढे एकही प्रश्न विचारला नाही. बटण बंद केल्याचा आवाज मला ऐकू आला. आणि घंटा वाजतच राहिल्या. मणामणाच्या घंटा आहेत त्या. वीज बंद केली तरी आपल्या वजनाने कितीतरी वेळ झुलत राहतात.

लाइन आली, तज्ज्ञाचे दोन शब्द आले, लाइन गेली. तिकडे बायको रडायची थांबली होती, ते मला जास्त भयंकर वाटलं.

“काढा ते भिंतीवरून,” मी ब्रांडलला म्हटलं. “वेटोळं काढा, अंगाशी धरा आणि हलू नका.”

“अंगाशी?”

“बाळ धरतात तसं! मुडपू नका, दाबू नका, भिंतीला टेकू नका. धरा फक्त.”

काही क्षण नुसती खुडबूड. ठिपके पार विस्कटले, आणि मला वाटलं, संपलं, मीच तोडली. मग ते हळूहळू गोळा व्हायला लागले. एकेक करून जागेवर आले. थोडे थरथरत होते, पण वेगवेगळे ओळखू येत होते. घंटा अजून वाजत होत्या.

“मी तुम्हाला परत बघतोय,” तज्ज्ञ तिकडे म्हणाला. “पाय उचला. हं. स्कॅन येतोय माझ्याकडे. थांबा.”

ते ‘थांबा’ किती लांबलं ते मला सांगता येणार नाही. ऋतुजाने माझा दंड धरला होता. नंतर तिथे बोटांचे वण उठले होते.

“रक्तस्राव नाही. औषध द्या.”

तिकडे औषधाची बाटली फोडल्याचा, कुणीतरी पावलं टाकत गेल्याचा आवाज आला आणि फोन ठेवला गेला. मी टेबलावर डोकं टेकून रडले. ऋतुजा म्हणाली, “ताई, तुम्ही रडू नका ना,” आणि तीही रडायला लागली.

भरपूर वेळाने मला आठवलं. ब्रांडलचा फोन चालूच होता. मी म्हटलं, “हेर ब्रांडल?”

“हो?” अगदी हळू, दबक्या आवाजात.

“तुम्ही अजून धरून बसला आहात?”

“हलू नका म्हणालात.”

घंटा केव्हाच थांबल्या होत्या. तो फरशीवर मांडी घालून, वेटोळं छातीशी धरून बसला होता. शेजारी मेसनर उभा, आणि दारात बाप्तिस्म्याची सगळी मंडळी, घंटा का थांबल्या ते विचारायला आलेली.

संध्याकाळी फ्राऊ डॉक्टरांचा फोन आला. माणूस शुद्धीत होता. बायकोला नावाने हाक मारली होती त्याने. “नीट उच्चार नाही, पण तिला कळला,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “फ्राऊ सबनीस, तुमच्यावर मी फार चिडले होते.” मी म्हटलं, “चिडायलाच हवं होतं.”

पुढच्या आठवड्यात ब्रांडलने आकड्याखाली फोमची जाड पट्टी बसवली आणि ऋतुजाने थरथरीच्या मागोमाग जाण्याचा यंत्राचा वेग वाढवला. तेव्हापासून आमची प्रत्येक चाचणी रविवार धरून व्हायला लागली. नियमावलीत त्याला लांबलचक नाव आहे, पण सगळे त्याला घंटाचाचणी म्हणतात. वरच्या मजल्याने ह्या कामाची माहितीपत्रिका काढली, गुळगुळीत कागदावर. ‘एकही सुटा भाग न बदलता दुप्पट वेग.’ ब्रांडलने ती वाचून विचारलं, “आणि फोम? आणि मी? आम्ही सॉफ्टवेअर का?”

विभाग वाचला. निदान मला तसं वाटलं. लाइन कधी पडली नाही, घंटांतही नाही. माझा त्या लाइनवर जीव होता. इतर कामं करताना मी उगाच तिचे ठिपके उघडून बघायचे.

मग परिचारिका मिळेनाशा झाल्या. एक डॉक्टर गेला, दुसरा आला नाही. फ्राऊ डॉक्टर हेलविग निवृत्त झाल्या. त्यांच्या जागेसाठी जाहिरात निघाली आणि तशीच राहिली. जिल्ह्याच्या कारभाऱ्यांनी बैठक घेतली, आणि पक्षाघाताचा विभाग बंद करून रुग्ण शहरात पाठवायचं ठरलं. पन्नास किलोमीटर. ह्या खेपेला लाइनचा कुणी उल्लेखही केला नाही. लाइनमध्ये काही दोषच नव्हता.

हॉस्पिटलचा मार्ग बंद करायचं काम खालच्या मजल्यावर आलं. दुसऱ्या कुणालाही देता आलं असतं, पण मीच घेतलं. आधी ठिपके उघडून पाहिले. सोळाच्या सोळा, एकही फिसकटलेला नाही, आणि त्यांतून जायला कुणाचा काही निरोप नव्हता. मी मार्ग बंद केला. पडद्यावर लाल धोक्याची पट्टी आली, हॉस्पिटलशी संपर्क तुटला म्हणून. पट्टी घालवायची तर आधी कारण निवडावं लागतं. तार तुटली, वीज गेली, यंत्र बिघडलं, अशी कारणं ओळीने होती. त्यांतलं एकही लागू नव्हतं. सगळ्यात खाली होतं, ‘नियोजित’. मी ते निवडलं आणि पट्टी लगेच हिरवी झाली.